तळटीप : द्राक्षमळ्यातला मुक्काम
१. अल्सासचा वाइन-मार्ग : फ्रान्सच्या ईशान्येस, व्होज डोंगरांच्या पूर्व उतारांलगत, मार्लनहाइम ते तान असा सुमारे १७० किलोमीटरचा हा रस्ता १९५३ मध्ये सुरू झाला. वाटेवरच्या रिकविर, एगिसहाइम यांसारख्या गावांत काही द्राक्षबागायतदार स्वतःच्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. मजकुरातील ‘मळेवाल्याकडचा मुक्काम’ तो हाच. इतर फ्रेंच प्रदेशांत वाइनच्या बाटलीवर बहुधा गावाचे किंवा मळ्याचे नाव ठळक असते. येथे रीसलिंगसारखे द्राक्षवाणाचे. तळघरात वाइन चाखताना घोट तोंडात घोळवून त्यासाठी ठेवलेल्या भांड्यात थुंकतात. त्यात यजमानाचा अवमान नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणीची धांदल असते, तेव्हा जाणाऱ्याने आधी कळवावे.