गाई, संडास आणि भुतांची राजधानी

इतिहासाशी माझा संबंध तसा बेताचाच. बी. कॉम.ला हा विषय नसतो आणि बँकेत कालची शिल्लक आजच्या पानावर ओढली की इतिहास संपतो. तरीही एका अमेरिकन गावाचा इतिहास मी गेले आठ महिने भेटेल त्याला ऐकवतो आहे. काउंटरवर रांग असली तरी ऐकवतो. परवा एक पेन्शनर काकुळतीने म्हणाले, "साहेब, आधी पैसे मोजा, मग भुतं सांगा."

त्याचं असं झालं. गेल्या शिमग्यात आमच्या सोसायटीतल्या पोरांनी होळीसाठी लाकडं 'गोळा केली'. हा पोरांचा शब्द. कमिटीचा शब्द 'चोरली'. वॉचमनचं स्टूल, तळमजल्यावरच्या आजींचा पाट आणि खुद्द चेअरमनसाहेबांची जिन्याखाली ठेवलेली फळी होळीत स्वाहा झाली. तातडीची सभा भरली. 'पुढील वर्षापासून होळी बंद' असा ठराव झाला आणि नोटीस लिहायचं काम अर्थातच मानद सेक्रेटरीकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. बँकेतल्या माणसाला फुकट लिहिण्याची हौस असते, असा लोकांचा एक समज आहे.

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की' एवढं लिहून होतंय तोच मिनेसोटाहून भाच्याचा फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "मामा, आमच्या शेजारच्या गावानं हा प्रश्न १९२० सालीच सोडवलाय."

गावाचं नाव अनोका. रम नावाची नदी जिथे मिसिसिपीला मिळते तिथे हे वसलेलं. वस्ती आज सुमारे १८ हजार. नदीचं नाव रम असूनही गावात गोंधळ घातला तो मोठ्यांनी नव्हे, पोरांनी. आणि तोही एका ठरावीक रात्री. ३१ ऑक्टोबर, हॅलोविन.

हा सण मूळचा अमेरिकेचा नव्हेच. आयर्लंडकडे फार पूर्वी 'साविन' नावाचा सण असे. पीक घरात आलेलं, हिवाळा दाराशी, आणि अशा रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरायला निघतात अशी समजूत. आपल्या सर्वपित्री अमावास्येचे हे लांबचे चुलत नातेवाईक म्हणायला हरकत नाही. फक्त तिकडे कावळ्याची मनधरणी करावी लागत नाही. पुढे चर्चने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरवला, आणि त्याची आदली रात्र म्हणजे हॅलोविन. १९व्या शतकात दुष्काळाने गांजलेले आयरिश लोक अमेरिकेला गेले ते हा सणही सामानात बांधून घेऊन गेले. मायदेशी ते सलगम कोरून त्यात दिवा लावत. अमेरिकेत ऐसपैस भोपळा मिळाला. सलगम कोरण्यात ज्याची बोटं सोलवटली असतील त्याला भोपळा दिसताच देव भेटल्यासारखं झालं असणार.

सणाबरोबर खोड्याही गेल्या. खोड्यांना जहाजाचं तिकीट लागत नाही.

तर अनोका. हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लोक उठून बघतात तो मुख्य रस्त्यावर गाई फिरताहेत. यात बातमी काय, असं तुम्ही म्हणाल. आपल्याकडे मुख्य रस्त्यावर गाय नसली तर बातमी. पण तिकडे गाय गोठ्यात असते, आणि ती रात्री कुणीतरी सोडलेली होती. दुकानांच्या काचांना साबण फासलेला. आणि परसातले संडास आडवे! लाकडी खोपटंच ती, चार पोरांनी खांदा लावला की कलंडायची. आत कुणी आहे का, हे विचारण्याची सक्ती पोरांवर नव्हती.

आता आमची कमिटी तिथे असती तर नोटीस निघाली असती. अनोकाच्या मंडळींनी वेगळा हिशेब केला. जॉर्ज ग्रीन नावाच्या गृहस्थांना प्रमुख करून एक समिती नेमली. कमर्शियल क्लब आणि किवानिस क्लबातली माणसं, म्हणजे गावातले दुकानदार आणि प्रतिष्ठित, ज्यांच्या काचांना साबण लागला असणार तेच, वर्गणी-नियोजनाला बसले. १९२०च्या हॅलोविनला त्यांनी मिरवणूक काढली. बँड वाजले, पोलीसही सामील झाले. पोलीस मिरवणुकीत पोरांच्या मागे नव्हे, बरोबर चालताहेत हे दृश्य मला फार आवडतं. मिरवणूक संपल्यावर हजाराहून अधिक शाळकरी पोरांना मक्याच्या लाह्या, शेंगदाणे आणि गोळ्या वाटल्या, आणि शेवटी पुलाजवळच्या चौकात मोठी होळी पेटवली. होळी म्हणजे शेकोटीच, पण मला तोच शब्द बरा वाटतो.

पोरांचे पाय चालून दमले, हात लाह्यांनी भरले. गाय सोडायला मोकळा हात लागतो.

हा तोडगा टिकला. महायुद्धामुळे १९४२ आणि १९४३ ही दोन वर्षं खंड पडला, एवढाच. १९३०च्या मंदीत अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत हॅलोविनचा धुडगूस हाताबाहेर गेला, तेव्हा तिथल्या लोकांनाही अशाच मेजवान्या आणि मिरवणुका सुचल्या. अनोकाची तोवर दहा वर्षं रंगीत तालीम झाली होती! आज हे गाव स्वतःला 'जगाची हॅलोविन राजधानी' म्हणवतं. ऑक्टोबरात तिथे एक सोडून तीन मिरवणुका निघतात, त्यातली एक खास चिमुरड्यांची.

पण मला रुतून बसलीय ती १९३७ची नोंद. त्या साली 'राजधानी' हा किताब मागणारा जाहीरनामा घेऊन अनोकाचा एक माणूस वॉशिंग्टनला गेला. महापौर नव्हे, क्लबाचा अध्यक्ष नव्हे. हॅरॉल्ड ब्लेअर, वय वर्षे १२, धंदा घरोघर पेपर टाकणे. वर्गणीदार मिळवल्याबद्दल पेपरवाल्या पोरांना वॉशिंग्टनची सहल मिळाली होती, त्यात हा होता. बारा वर्षं! म्हणजे संडास आडवा करण्याचं नेमकं वय. १७ वर्षांपूर्वी ज्या वयाच्या पोराला गाव टरकून होतं, त्याच वयाच्या पोराला गावाने आपला वकील म्हणून पाठवलं.

भाचा फोनवर हे सांगत होता आणि मी गप्प झालो. कारण बारा वर्षांचा असताना होळीसाठी मी एका न्हाणीघराचं दार पळवलं होतं. ते निघालं आमच्या हेडमास्तरांचं. त्यांनी मारलं नाही. होळीनंतर तीनच दिवसांनी तिथीची शिवजयंती होती, तिच्या मिरवणुकीतल्या लेझीम पथकातून माझं नाव कापलं. महिनाभर तालीम केलेली मिरवणूक मी वाण्याच्या पायरीवर उभा राहून पाहिली. छडीचे वळ चार दिवसांत गेले असते. ही लेझीम तीसेक वर्षं झाली तरी शिमगा आला की वाजते.

नोटीस मी फाडली. कमिटीची समजूत घालायला तीन सभा आणि दोन किलो बटाटेवडे लागले. होळी राहिली. पोरांचा म्होरक्या, बी विंगमधला बारा वर्षांचा अवली, 'लाकूड खजिनदार' झाला. विचारल्याशिवाय काही न्यायचं नाही, नेलं की पावती द्यायची. पावतीपुस्तक मीच आणून दिलं.

शिमग्याला अजून चार महिने आहेत. काल बँकेतून येतो तो दारात पहिली पावती अडकवलेली. अक्षर सुवाच्य, तारीख बरोबर, सही ठळक. 'सेक्रेटरीकाकांकडून आरामखुर्ची एक, मोडकी. काकूंना विचारून.'

खुर्ची मोडकी नव्हती. पण पावती बिनचूक होती, तेव्हा तक्रार करायला जागा नाही.