एक ससा, दोन न्याय

आमच्या सांता क्लारात, किंबहुना साऱ्या कॅलिफोर्नियात, फेरेट पाळायला बंदी आहे. मुंगसाच्या बांध्याचा हा प्राणी मी प्रथम पाहिला तो नेव्हाडातील एका मित्राकडे. मग कुतूहलाने त्याचा इतिहास चाळला.

युरोपातला ससा बीळ खोदून राहतो. मुसके बांधलेले फेरेट बिळात सोडून त्याला बाहेर काढायची युक्ती स्ट्रॅबोने दोन हजार वर्षांपूर्वी स्पेनच्या वर्णनात नोंदली आहे. इंग्लंडात जोडीला टेरियर कुत्रा आला. कोणत्या बिळात ससा आहे हे त्याने हुंगून सांगायचे, फेरेटने ससा हाकलायचा आणि बिळाच्या तोंडावरच्या जाळ्यात तो अडकायचा.

आपल्याकडे ही जोडी का नाही? आपला रानससा बीळ खोदतच नाही. तो गवतात दबून बसतो आणि वेळ आली की धूम ठोकतो. म्हणून आपल्याकडे लांब पायांचा कारवानी कुत्रा आणि फासेपारध्यांचे फास.

विद्या दोन, तसे न्यायही दोन. १८८० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने आपल्या कुळांना शेतातले ससे मारण्याचा हक्क दिला. इकडे १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पुढे पारध्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये ते कायदे गेले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला आळा घातला, ते योग्यच झाले. पण शिक्का पुसला गेला नाही. गावात पारधी आले म्हटले की आमच्या घरी कडी लागे. लहानपणी ती मीही लावली आहे.