आगोटीनंतरचे घर

पदव्युत्तर वर्गावर ललित निबंध शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न आमच्या मनात बरेच दिवस घोळत राहिला. इंग्रजी निबंधात हिवाळा आला की पेटती शेगडी, चहाची किटली, खिडकीबाहेरचे करडे आकाश आणि आत मांडलेला सुखाचा छोटासा डाव हे सारे ओघाने येतेच. मग मराठी निबंधकाराला हिवाळ्याची उदासी कशी वाटत नाही? आम्ही घाईने उत्तर दिले, की आपला हिवाळा मुळी उदास नसतोच. ते खरे होते, पण अपुरे होते. कोकणात मार्गशीर्ष-पौष हे वर्षातले सर्वांत मोकळे महिने. भात घरात आलेले, आंब्याला मोहोर, सकाळी अंगणात कोवळे ऊन. माणसे घराबाहेर असतात. घर माणसाला कोंडते ते आषाढात. तेव्हा त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे मराठी उत्तर शोधायचे तर ते पावसाळ्यात शोधायला हवे.

आम्हां दोघांपैकी एकाचे आजोळ गुहागर तालुक्यात वेळणेश्वरला. मागच्या जुलैत चार दिवस तिथे जाऊन राहिलो आणि परतल्यावर काही जुनी पुस्तके नव्याने चाळली. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहोत.

वेळणेश्वर समुद्राला अगदी चिकटून आहे. उत्तरेला दाभोळची खाडी, दक्षिणेला जयगडची. किनाऱ्यावर शंकराचे देऊळ, त्याच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाड्यांच्या सावलीत घरे. नवसाला पावायला वेळ न लावणारा तो वेळणेश्वर, अशी नावाची फोड भाविक करतात. संस्कृत शिकलेल्याला 'वेला' म्हणजे किनारा हा शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आज एस. टी. बारमाही येते. शंभर वर्षांपूर्वी मात्र या किनाऱ्याचा हमरस्ता म्हणजे समुद्र. मुंबईची आगबोट दाभोळला लागे, जयगडला लागे. आगोट झाली, म्हणजे पावसाळ्याला तोंड लागले, की ती बंद होई. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला, की मग दर्या हळूहळू उघडायचा. तोवर गाव आपल्या जागी आणि मुंबई आपल्या जागी.

हे बंद होणे केवळ गैरसोयीचे नव्हते. धोंडो केशव कर्वे शाळकरी वयात परीक्षेसाठी मुरूडहून निघाले ते ऐन पावसात, पायी, सह्याद्री चढून साताऱ्याला. आणि तिथे पोचल्यावर वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. हा प्रसंग त्यांच्या आत्मवृत्तात आहे आणि आपण तो जिद्दीची कथा म्हणून मुलांना सांगतो. तो रस्त्यांच्या इतिहासाचाही पुरावा आहे. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेला रेवसचा मार्ग जवळचा, म्हणून तो भर पावसातही चालू असे. १७ जुलै १९४७ रोजी त्याच मार्गावर 'रामदास' ही बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ते दिवस आषाढी अमावास्येचे होते. घरोघर दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे आणि पुजायचे, ती ही अमावास्या. पावसाळ्यात समुद्राला पाठ करून घरात बसणे याचा अर्थ किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नव्हता.

मग घरात बसून माणसे काय करीत? 'पावसाळ्याची बेगमी' या शब्दप्रयोगात त्याचे निम्मे उत्तर आहे. वैशाखात आमसुले वाळत, आंबोशी वाळे, आंब्याची आणि फणसाची साठे उन्हात पडत, पापड-कुरडयांचे डबे भरत. आठळ्या मातीत घोळून सांदीत ठेवून दिल्या जात. पडवीला झावळ्यांच्या झापांचा आडोसा होई आणि माजघर दिवसाही अंधारे होई. त्या अंधारात चूल हे घराचे केंद्र बने. वलणीवर न वाळणारे कपडे, त्यांना येणारा धुराचा वास, छपरावरून अखंड गळणाऱ्या पागोळ्या आणि निखाऱ्यात फुटणाऱ्या आठळ्यांचा आवाज. संध्याकाळी मऊ भात, कुळथाची पिठी आणि भाजलेला पापड. टाकळा, भारंगी, फोडशी या भाज्या पहिल्या पावसानंतर आपोआप उगवत. त्यांना पैसे पडत नसत, म्हणूनच त्यांचे कौतुक फार. आषाढ सरून श्रावण लागला की हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या. चुलीवरच्या मोदकपात्रातून त्या पानांचा वास सुटला, की मुले आपोआप स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गोळा होत.

आम्ही होतो त्या चार दिवसांत दुसऱ्याच संध्याकाळी वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. आम्ही चुकचुकलो. मामी शांतपणे कंदिलाची काच पुसत म्हणाल्या, "गेली ते बरं झालं. आता सगळी एका जागी बसतील." आणि खरोखरच बसली. मामींनी कुठल्याशा डबीतून बांगड्यांचे तुकडे काढले आणि जमिनीवर सांडले. एक तुकडा उचलताना दुसरा हलता कामा नये, एवढाच काचापाण्याचा नियम. सत्तरीच्या मामींचा हात आमच्या हातापेक्षा स्थिर होता. त्या तुकड्यांत एक हिरवा, सोनेरी रेघेचा होता. तो त्यांच्या सासूबाईंच्या बांगडीचा, असे त्या सहज बोलून गेल्या. फुटलेल्या बांगडीचा खेळ करणे ही गोष्ट आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो, पण तिच्यात किती काटकसर आणि किती रसिकता एकत्र आहे, हे त्या रात्रीपर्यंत ध्यानात आले नव्हते.

इथवर लिहिले ते गोड आहे आणि त्यामुळेच थोडे संशयास्पद आहे. कोकणावरच्या स्मरणलेखनात हा गोडवा इतका वाहतो, की इतिहासाच्या अभ्यासकाने तिथे थांबून विचारायला हवे: हे सुख कोणाचे? बेगमीचे सगळे पदार्थ बायकांच्या हातचे. वैशाखातल्या उन्हात त्यांनी जे सोसले, ते आषाढात इतरांनी चाखले. त्यांची स्वतःची करमणूक कामाच्या आडूनच यायची. वाती वळणे हे त्याचे उत्तम उदाहरण. लक्ष वातींचा नेम धरला की बाईला तासन्‌तास एका जागी बसण्याची धर्माने परवानगी मिळे. ब्राह्मणी घरांत ही वाती वळणारी पुष्कळदा केशवपन केलेली विधवा असे. तिला मंगळागौर नव्हती, पिंगा-फुगडी नव्हती, सणाचे ताट नव्हते. होते ते कापूस, वाती आणि भोवती गोष्टीसाठी जमलेली मुले. ज्या कर्व्यांनी पावसात घाट चढला, त्यांनीच पुढे १८९६ मध्ये पुण्यात अशा बायकांसाठी आश्रम काढला. माजघरातले हे वास्तव त्यांनी आपल्याच मुलखात पाहिले होते.

आणि कुळवाड्याचे घर? तिथे आषाढ हा घरात बसण्याचा महिनाच नव्हे. डोक्यावर इरले घेऊन गुडघाभर चिखलात लावणी चाले. कणगी तळाला लागलेली असे आणि नवे पीक अजून दोन-तीन महिने दूर. पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा खोताकडे गेलेला, वर वेठ वेगळी. कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत. टपाल खात्याने १८८० मध्ये मनिऑर्डर सुरू केली, त्यानंतर पावसातही मुंबईचा पैसा गावी पोचू लागला, आणि अनेक घरांत श्रावणातला गूळ त्या पैशातून आला. या घरांचा विरंगुळा लावणी संपल्यावर सुरू होई. गणपतीत नाचायच्या जाखडीची तालीम रात्री कोणाच्या तरी पडवीत घुमू लागे, शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना सवाल घालू लागत. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. कायदा व्हायला १९४९ उजाडले. पावसाळ्यातल्या घरगुती सुखाचा इतिहास लिहिताना हे साल पातोळ्यांच्या शेजारी ठेवलेच पाहिजे, असे आम्हांला वाटते.

दोन्ही प्रकारच्या घरांत एक गोष्ट मात्र सांगितली जाई, ती म्हणजे श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी. साहित्याचे विद्यार्थी या कहाण्यांकडे व्रतवाङ्मय म्हणून पाहतात आणि पुढे जातात. ही कहाणी थांबून ऐकण्यासारखी आहे. राजाला देवाचा गाभारा दुधाने भरायचा आहे, म्हणून गावातले सगळे दूध देवळात आणण्याचे तो फर्मान काढतो. धाकाने लोक दूध आणतात. घरी वासरे उपाशी, मुले उपाशी. गाभारा काही भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिने घरातल्या लेकरांना दूध पाजलेले असते, सुनांना दिलेले असते, वासरांना सोडलेले असते, आणि उरलेले खुलभर दूध ती देवाला वाहते. गाभारा भरतो.

या कहाणीत देव कोणता हे गौण आहे. वेळणेश्वरात, शंकराच्या देवळाच्या सावलीत, ती सांगितली जात असताना ऐकणाऱ्या बाईला राजाचे फर्मान परके वाटले असेल असे आम्हांला वाटत नाही. धान्याचा वाटा उचलून नेणारा माणूस तिने पाहिला होता. कहाणी तिला सांगत होती, की आधी घर. पोरांची आणि वासरांची पोटे भरली की मग वरचे. घरातले छोटे सुख हे मोठ्या भक्तीच्या आड येणारे काही नसून तिची अटच आहे, इतके धीट विधान मध्ययुगीन मराठीतल्या कित्येक पंडिती ग्रंथांना साधलेले नाही. त्याची रचनाकार कोण, हे कोणालाच ठाऊक नाही. ती बहुधा अशाच एखाद्या अंधाऱ्या माजघरातली असावी, हा आमचा तर्क. पुरावा मागू नये.

पोथीचे स्थान वेगळे. श्रीधराचा 'हरिविजय' (१७०२), 'पांडवप्रताप' (१७१२) आणि 'शिवलीलामृत' (१७१८) या ग्रंथांनी मराठी घरांतले चातुर्मास दोन शतकांहून अधिक काळ व्यापले. 'हरिविजया'चे अध्याय ३६, 'पांडवप्रतापा'चे ६४. रोज एक म्हटला तरी पाऊस बराचसा सरतो. समीक्षेने श्रीधराला 'बायाबापड्यांचा कवी' म्हणून एका वाक्यात निकालात काढले आहे. आम्हीही वर्गात तसेच शिकवत आलो, हे कबूल करतो. पण कवितेचा विचार ती कुठे आणि कोणत्या ऋतूत ऐकली जाते यासकट केला, तर श्रीधराची सैल, पसरट, पुन्हा पुन्हा सांगणारी ओवी हा दोष राहत नाही. ऐकणारी बाई मधेच उठून दूध उतू जात नाही ना हे पाहून येते आणि परत बसते तेव्हा तिचे काही चुकलेले नसते.

आधुनिक साहित्याने या घराला किती जागा दिली? श्री. ना. पेंडशांच्या कादंबऱ्यांतला पाऊस मोठा आहे, नियतीसारखा कोसळणारा. दुर्गाबाईंचे 'ऋतुचक्र' (१९५६) घराबाहेरच्या झाडापानांवर खिळलेले आहे आणि तेच त्याचे वैभव. घराच्या आत बघितले ते साने गुरुजींनी. 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत, अवघ्या काही दिवसांत लिहिली गेली. तिचे प्रकरण म्हणजे एकेक रात्र, आणि रात्री जमून गोष्ट ऐकणे हा तर पावसाळी माजघराचाच साचा. पत्रावळ लावायला शिकणारा श्याम आणि मीठ विसरलेली भाजी कोणी न बोलता खाल्ली तो दिवस, हे प्रसंग आपण संस्कारांच्या खाती जमा केले आहेत. चांगली टाचलेली पत्रावळ हातात घेऊन पाहण्यात जो आनंद आहे, तो मात्र त्या खात्यात कुठे नोंदलेला नाही. संस्कारांच्या ओझ्याखाली गुरुजींचे हे सुखाचे लेखन दबून गेले, अशी आमची तक्रार आहे, आणि ती गुरुजींपेक्षा आम्हां शिक्षकांविरुद्ध अधिक आहे.

निघायच्या दिवशी पाऊस जरा उघडला. देवळापुढे समुद्र गढूळ, मातकट, आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांवर झापा घातलेल्या. मामींनी आठळ्यांची पुरचुंडी हातात दिली, भाजताना टोचा मारायला विसरू नका म्हणून बजावले, आणि काचापाण्यातला एक तुकडा हरवला आहे तो चुकून तुमच्या पिशवीत गेला असेल तर टपालाने पाठवा, असेही सांगितले. चिपळूणपर्यंत एस. टी. त त्या पुरचुंडीचा ओल्या मातीचा वास येत राहिला. शेजारच्या प्रवाशाने दोनदा वळून पाहिले. तुकडा पिशवीत नव्हता. घरी आल्यावर तो 'शिवलीलामृता'च्या पोथीत सापडला, अकराव्या अध्यायाशी. तो हिरवाच होता.