पडद्यापासून चिपपर्यंत : आयात गेम कन्सोलांच्या चित्रदुरुस्तीचा इतिहास

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळायची यंत्रे, म्हणजे गेम कन्सोल, १९८०च्या दशकापासून जपानमधून जगभर गेली. पण यंत्र ज्या देशासाठी बनवले जाई त्या देशाच्या प्रसारण-मानकाला त्याचा चित्रसंकेत बांधलेला असल्यामुळे, परदेशातून आणलेले यंत्र घरच्या संचावर नीट दिसेलच याची शाश्वती नसे. या अडचणीतून यंत्र उघडून त्याचा चित्रसंकेत सुधारण्याची एक स्वतंत्र कारागिरी उभी राहिली. तिच्या प्रवासाला एक निश्चित दिशा आहे : आरंभी संचाची जुळवाजुळव करून भागवले जाई, पुढे कामाची जागा कन्सोलच्या मागच्या सॉकेटपाशी आली आणि अखेरीस चित्र जिथे तयार होते त्या चिपच्या पायांपर्यंत ती पोहोचली.

अडचणीचे मूळ खेळांच्या जन्माआधीचे आहे. अमेरिकेने १९५३ मध्ये एनटीएससी ही रंगीत पद्धत स्वीकारली. तिच्यात एका चित्राच्या ५२५ रेषा असतात आणि सेकंदाला सुमारे ६० अर्धचित्रे, म्हणजे एकाआड एक रेषांचे संच, पडद्यावर उमटतात. जपानने तीच पद्धत घेऊन १९६० मध्ये रंगीत प्रसारण सुरू केले. पश्चिम जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी विकसित केलेली पाल पद्धत आणि फ्रान्सची सेकाम पद्धत १९६७ मध्ये प्रसारणात आल्या; या दोहोंत ६२५ रेषा आणि सेकंदाला ५० अर्धचित्रे असतात. त्याशिवाय रंगाची माहिती वाहून नेणारी उपवाहक लहर एनटीएससीत सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झची, तर पालमध्ये सुमारे ४.४३ मेगाहर्ट्झची असते. भारताने १९८२ मध्ये रंगीत प्रसारणासाठी पाल पद्धत निवडली, त्यामुळे महाराष्ट्रातील घरांमधले संचही याबाबतीत युरोपच्या बाजूला होते.

निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आणलेला फॅमिकॉम हा कन्सोल या अडचणीचा पहिला मोठा नमुना ठरतो. त्याला चित्र बाहेर काढण्याचा एकच मार्ग होता : आतील मोड्युलेटर हा भाग चित्र आणि ध्वनी रेडिओलहरीवर चढवी आणि ती लहर संचाच्या अँटेना-सॉकेटात सोडली जाई, जणू ते एखादे छोटे प्रसारण केंद्रच होते. ही लहर जपानच्या चॅनेल १ किंवा २ वर, म्हणजे ९० ते १०२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे. अमेरिकेत हा पट्टा एफएम रेडिओसाठी राखलेला असल्यामुळे साध्या संचावर तो लागत नसे. मात्र केबलची चॅनेल पकडणाऱ्या नंतरच्या अमेरिकी संचांत ९५ आणि ९६ क्रमांकांची चॅनेल नेमकी याच वारंवारितांवर होती, त्यामुळे यंत्र न उघडता काम भागे. पाल संचांपुढे हा मार्गही अपुरा होता. जपानी पद्धतीत ध्वनीची लहर चित्राच्या लहरीपासून ४.५ मेगाहर्ट्झवर, तर भारतात आणि पश्चिम युरोपातील बऱ्याच देशांत ती ५.५ मेगाहर्ट्झवर असे. म्हणून एखाद्या संचाने चित्र पकडलेच, तरी आवाज येत नसे आणि रंगही दिसत नसत.

यावरचा पहिला खरा उपाय म्हणजे मोड्युलेटरला वळसा घालणे. फॅमिकॉममधील पीपीयू ही चित्र तयार करणारी चिप आपल्या २१ व्या पायावर काँपोझिट संकेत देते. काँपोझिट म्हणजे उजेड, रंग आणि चित्र जागेवर ठेवणारे समकालन-ठोके एकाच तारेत मिसळलेला संकेत. संचाच्या व्हिडिओ सॉकेटाचा ७५ ओहमचा भार पेलण्याची ताकद त्या पायात नसल्यामुळे, एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रोध आणि एक धारित्र यांचा छोटा प्रवर्धक मध्ये बसवावा लागे. एवढे करूनही चित्रावर उभ्या फिकट पट्ट्या दिसत, कारण मूळ पाटीवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, चित्राची वाट इतर अंकीय संकेतांच्या वाटांना खेटून गेलेली असून त्यांचा गोंगाट चित्रात झिरपे. तुरुंगाच्या गजांसारख्या दिसणाऱ्या या पट्ट्या घालवण्यासाठी कारागीर तो पाय पाटीवरून सोडवून उचलून घेत आणि तिथून आवरण असलेली वेगळी तार थेट सॉकेटापर्यंत नेत. निन्टेन्डोने स्वतः १९९३ मध्ये फॅमिकॉमची काँपोझिट सॉकेट असलेली सुधारित आवृत्ती आणली. हौशी लोक हाताने करत असलेला बदल तेव्हा कारखान्यातूनच होऊन आला.

युरोपातील अडचण याहून गुंतागुंतीची होती. पालसाठी बनवलेला कन्सोल ६० ऐवजी ५० अर्धचित्रे देई आणि ज्या खेळांचा हिशोब त्यासाठी बदललेला नसे, ते मूळ वेगाच्या पाच-षष्ठांश वेगाने चालत. शिवाय जास्तीच्या रेषा रिकाम्या राहून पडद्यावर वर-खाली काळे पट्टे येत. सेगाच्या १९८८ मधील मेगा ड्राइव्ह या कन्सोलच्या पाटीवरच ५० की ६० हर्ट्झ हे ठरवणारी जोडणी होती, त्यामुळे ती तोडून तिथे एक स्विच बसवणे हा बदल लोकप्रिय झाला. त्यातून नवा दोष निघाला : पाल यंत्र ६० हर्ट्झवर नेले की चित्र कृष्णधवल होई. या यंत्रात रंगाची उपवाहक लहर मुख्य घड्याळाची वारंवारिता भागून काढली जाते. पाल यंत्राचे घड्याळ ५३.२० मेगाहर्ट्झचे असते आणि त्याला १२ ने भागले की ४.४३ हा अचूक आकडा येतो. स्विच फिरवल्यावर भाजक १५ होतो आणि ३.५५ मेगाहर्ट्झची अशी लहर तयार होते जी कोणत्याच पद्धतीत बसत नाही. अमेरिकेतून आणलेला कन्सोल भारतातील जुन्या पाल संचाला जोडल्यास चित्र बेरंगी का दिसे किंवा वर-खाली का सरके, याचेही कारण उपवाहक लहरीच्या आणि अर्धचित्रांच्या आकड्यांतील याच तफावतीत आहे. भारतीय बाजारात मिळणारी फॅमिकॉमची नक्कल असलेली यंत्रे मुळातच पालसाठी बनवलेली असल्यामुळे, त्यांच्या ग्राहकांना या दुरुस्तीची गरज पडत नसे.

रंगाचा हा घोळ मुळापासून टाळण्याचा मार्ग फ्रान्समधून आला. तिथे स्कार्ट ही २१ टोकांची जोडणी १९८०च्या दशकाच्या आरंभी नव्या संचांना सक्तीची झाली होती. तिच्यातून लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग वेगवेगळ्या तारांनी, म्हणजे आरजीबी स्वरूपात जातात. उपवाहक लहरच नसल्यामुळे पाल, एनटीएससी आणि सेकाम हा भेद गळून पडतो आणि संचाने ६० हर्ट्झ स्वीकारले की चित्र पूर्ण रंगांत दिसते. १९८९ पासून फ्रान्समध्ये जपानी पीसी इंजिन कन्सोल आयात करणारी सोदिपेंग ही संस्था यंत्रासोबत फ्रेंच संचांना जुळणारी केबल देत असे. मात्र या जोडणीतही सापळे होते. जपानची २१ टोकांची आरजीबी जोडणी दिसायला हुबेहूब स्कार्टसारखी असली, तरी तिच्या २० व्या टोकावर निळा रंग असतो, तर स्कार्टमध्ये तिथे संच समकालनाची अपेक्षा करतो. त्यामुळे जपानी केबलने युरोपीय संचावर चित्र स्थिरच होत नाही. निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या पुढच्या कन्सोलच्या पाल आवृत्तीत ज्या टोकावर १२ व्होल्ट असतात, तिथे जपानी आवृत्तीत समकालनाचे ठोके असतात. म्हणून चुकीची केबल संचाला इजाही करू शकते.

काही यंत्रांत आरजीबी संकेत बाहेर काढलेलाच नव्हता. १९९६ च्या निन्टेन्डो ६४ च्या मागच्या सॉकेटात त्यासाठी टोके होती, पण ती जोडलेली नव्हती. जपानी आणि अमेरिकी यंत्रांच्या आरंभीच्या तुकड्यांत आतील चिप हा संकेत तयार करी, त्यामुळे एक छोटा प्रवर्धक पुरे. नंतरच्या तुकड्यांत ती सोय गेल्यामुळे चित्राचा अंकीय दत्तांशच वाचून घ्यावा लागे. अशा कामात ७५ ओहमचा रोध पाटीवर आणि केबलमध्ये असा दोनदा पडला तर चित्र काळवंडते, आणि एकदाही नसला तर ते डोळे दिपवण्याइतके भडक होते. म्हणून केबलची रचना न पाहता केलेला बदल हे बिघाडाचे नेहमीचे कारण ठरले.

फॅमिकॉमची पीपीयू चिप तर आरजीबी तयारच करत नाही. त्यासाठी प्लेचॉइस-१० या आर्केडमधील, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या, यंत्रांतून आरजीबी देणारी भगिनी-चिप काढून घरगुती कन्सोलात बसवली जाऊ लागली. तिची रंगतालिका वेगळी असल्यामुळे काही खेळांचे रंग चुकत आणि एका यंत्राच्या सुधारणेसाठी दुसरे दुर्मीळ यंत्र निकामी होई. २०१०च्या दशकात पीपीयू आणि मूळ पाटी यांच्यामध्ये बसून दत्तांश वाचणारी आणि चित्र नव्याने रचणारी छोटी सर्किटे आली, तेव्हा आर्केड यंत्रे मोडण्याचे कारण उरले नाही.

याच काळात संचही बदलले. अमेरिकेने २००९ मध्ये, जपानच्या बहुतेक भागाने २०११ मध्ये आणि ब्रिटनने २०१२ मध्ये अनुरूप, म्हणजे जुन्या पद्धतीचे, प्रसारण बंद केले. सपाट पडद्याचे संच जुन्या कन्सोलांचे २४० रेषांचे अखंड चित्र अर्धचित्रांचे समजून चुकीची प्रक्रिया करतात. त्यामुळे हलत्या आकृतींच्या कडा फाटतात आणि बटण दाबणे व चित्र हलणे यांत अंतर पडते. या दोषासाठी रेषा जशाच्या तशा दुप्पट-तिप्पट करणारी बाह्य उपकरणे निघाली, तर काही यंत्रांत थेट एचडीएमआय देणारी पाटी बसवली जाऊ लागली.

या कारागिरीने मिळवलेले यश खरे आहे, कारण चिपमध्ये मुळात असलेले चित्र सॉकेटापर्यंत येताना किती हरवत होते, हे तिनेच दाखवून दिले. तिचा दोषही तितकाच खरा आहे : छिद्रे पाडलेली आवरणे आणि तोडलेल्या वाटा पूर्ववत होत नाहीत, आणि जुनी यंत्रे आता नव्याने बनत नाहीत. म्हणून ज्या बदलात मूळ पाटी शाबूत राहते तोच पसंत करावा, काढलेले भाग यंत्रासोबत जपावेत आणि कोणती जोडणी कुठे केली याची नोंद आवरणाच्या आत ठेवावी; पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला तिचाच आधार लागणार आहे.