पितळी केस आणि निळीची मात्रा

देवघरातील समई चिंचेने घासून लखलखीत केली म्हणजे तिच्या पिवळ्या तेजाने मन प्रसन्न होते. पितळेचा रंग आपल्याकडे मांगल्याचा मानला जातो. परंतु तोच शब्द केसांना लावला की त्याचा अर्थ पालटतो. डोक्यावरील निवडक बटा उजळून त्यांत सोनेरी अगर फिकट तपकिरी झाक आणावयाची, या प्रकारास ‘हायलाइट’ म्हणतात. लग्नकार्याच्या निमित्ताने लहान गावांपर्यंत त्याचा प्रसार झाला आहे. पार्लरमधून निघताना त्या बटा मनाजोग्या दिसतात. तीनचार आठवडे गेले की त्यांवर नारिंगी-पिवळी छटा उमटू लागते. हिलाच केशप्रसाधनाच्या व्यवसायात पितळी छटा म्हणतात. ती दिसली की पुष्कळांची समजूत अशी होते, की केस पुरेसे उजळले गेले नाहीत, सबब पुन्हा एकवार ब्लीच करावे. ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत केसांना मोजावी लागते. ती चुकीची का, हे कळण्यास केस उजळण्याचा दोन हजार वर्षांचा इतिहास थोडक्यात पाहणे उपयोगी पडेल.

या इतिहासाचे जुने लेखी दुवे रोमन वाङ्मयात सापडतात. इ. स. ७९ मध्ये निधन पावलेला ग्रंथकार प्लिनी याने साबणाचा जो उल्लेख केला आहे, तो केसांच्या संदर्भात आहे, ही गोष्ट मौजेची वाटेल. साबण हा गॉल लोकांचा शोध असून चरबी व राख यांपासून तो करतात आणि केस तांबूस करण्यासाठी वापरतात, असे तो सांगतो. रोमन स्त्रियांनी उत्तरेकडील या लोकांचे अनुकरण केले आणि त्याचे परिणामही भोगले. ओव्हिड या कवीच्या ‘आमोरेस’ या संग्रहात केस रंगवून रंगवून गमावून बसलेल्या प्रेयसीला उद्देशून एक कविता आहे. आता जर्मन बंदिवान स्त्रियांच्या केसांचा टोप घालण्याची पाळी तिच्यावर आली आहे, असे कवी तीत सुचवितो. केस उजळण्याच्या हौसेत केसच नाहीसे होण्याचा धोका इतका जुना आहे.

यानंतर आपण एकदम सोळाव्या शतकातील व्हेनिसमध्ये येतो. चेझारे व्हेचेल्लिओ या चित्रकाराने १५९० साली वेषभूषांवर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. हा गृहस्थ प्रख्यात चित्रकार तिशियन याच्या घराण्यातला. घराच्या छपरावर बांधलेल्या लाकडी सज्जात भर उन्हात बसलेल्या व्हेनिसच्या स्त्रिया त्याने वर्णन केल्या आहेत. माथ्याचा भाग कापून टाकलेली, केवळ रुंद काठ उरलेली गवती टोपी घालावयाची, तिच्या भोकातून केस वर काढून काठावर पसरावयाचे, आणि काडीच्या टोकाला बांधलेल्या स्पंजाने त्यांवर औषधी पाणी पुनःपुन्हा लावून ते उन्हात वाळवावयाचे, असा तो खटाटोप होता. चेहरा सावलीत राहावा आणि केस मात्र तापावेत, ही त्या टोपीची युक्ती. एवढ्या तपश्चर्येचे फळ म्हणजे तांबूस सोनेरी केस. तिशियनच्या चित्रांतील स्त्रियांच्या केसांचा जो रंग पुढे त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला, तो आजच्या एखाद्या केशतज्ज्ञास दाखविला तर तो त्यास पितळी म्हणून दोष देण्याचा संभव आहे. म्हणजे छटा तीच. एका युगाने तिचा हव्यास धरला आणि दुसऱ्याने तिला व्यंग ठरविले.

आपल्या देशात या विषयाची दिशा उलटी होती. सहाव्या शतकात अवंती प्रांतात होऊन गेलेल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीचे एक प्रकरण लिहिले आहे. त्याचा आरंभच पांढऱ्या केसांपासून होतो. डोक्याचे केस पांढरे असता माळा, सुगंध, वस्त्रे व अलंकार शोभत नाहीत, अशा आशयाची प्रस्तावना करून तो केस काळे करण्याचा विधी देतो. त्यात लोखंडी भांडे, लोहचूर्ण आणि आंबट द्रव्य यांची योजना आहे. इंदूर-उज्जैनकडील वाचकांस हे आपल्या भूमीतले ज्ञान म्हणून अगत्याचे वाटावे. आजही अनेक घरांतून मेंदी लोखंडी कढईत भिजवितात. काळ्याचे सोनेरी करावे हा विचार त्या परंपरेत नाही. पांढऱ्याचे काळे करणे एवढाच तिचा हेतू. परंतु त्या परंपरेतल्याच एका कृतीत आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. नुसती मेंदी पांढऱ्या केसांवर लावली तर ते नारिंगी दिसतात. म्हणून मेंदी धुऊन काढल्यावर वरून निळीच्या पाल्याचा लेप देतात. नारिंगीवर निळा चढला की भडकपणा जातो आणि केस गर्द तपकिरी ते काळे होतात. नारिंगीचा उतारा निळा, हे तत्त्व घरच्या बायकांना कोणत्याही शास्त्राच्या पुस्तकावाचून ठाऊक होते.

युरोपात खरी क्रांती घडविली ती रसायनशास्त्राने. १८१८ साली फ्रेंच शास्त्रज्ञ तेनार याने हायड्रोजन पेरॉक्साइड शोधून काढले. सुमारे अर्ध्या शतकानंतर, १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात, तिएले हा लंडनचा रसायनविक्रेता आणि ह्यूगो हा पॅरिसचा केशप्रसाधक या दोघांनी त्याचा केस उजळण्यासाठी होणारा उपयोग लोकांस दाखविला, अशी नोंद आहे. उन्हात दिवस घालविण्याचे कारण उरले नाही. बाटलीतल्या पाण्याने काम होऊ लागले. आजही पार्लरमधील बाटल्यांवर २०, ३०, ४० असे जे अंक असतात ते याच द्रव्याच्या तीव्रतेचे आहेत. वीस अंकाचे द्रावण म्हणजे सुमारे सहा टक्के पेरॉक्साइड. आपल्या आकारमानाच्या वीसपट प्राणवायू ते देऊ शकते, म्हणून त्यास वीस म्हणावयाचे.

आता पितळी छटा येते कोठून, ते पाहू. केसांचा रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे असतो आणि त्याचे दोन प्रकार आहेत. एक काळा-तपकिरी, दुसरा तांबूस-पिवळा. पेरॉक्साइडपुढे पहिला अगोदर हार खातो; दुसरा अधिक चिवट असतो. शिवाय केस ज्या केरॅटिनाचे बनलेले आहेत, तेही मुळात किंचित पिवळसर असते. त्यामुळे काळा केस उजळू लागला की तो क्रमाने तांबडा-तपकिरी, तांबडा, नारिंगी, सोनेरी-पिवळा आणि अखेर फिकट पिवळा असा होत जातो. आपल्याकडच्या घनदाट काळ्या केसांत रंगद्रव्य विपुल असल्यामुळे एका बैठकीत ते बहुधा नारिंगीच्या टप्प्याशीच थांबतात. पितळी छटा बाहेरून येऊन बसत नाही. काळिमा काढून घेतल्यावर आत जे उरते ते ती होय. पार्लरमध्ये तिच्यावर ‘टोनर’ नावाचा हलका रंग देतात, त्यामुळे ती झाकली जाते. काही आठवड्यांत तो रंग धुऊन जातो आणि मुळातली छटा पुन्हा डोकावते. केस बिघडले असे वाटते. प्रत्यक्षात पडदा सरलेला असतो.

ही उरलेली छटा आणखी ब्लीच करून घालविण्याचा मार्ग कोठे जातो, ते ओव्हिडच्या काळापासून दिसून आले आहे. फिकट पिवळ्याच्याही पलीकडे जाऊ पाहिले तर रंगद्रव्य संपून केसाचा गाभाच झिजू लागतो. ओला केस रबरासारखा ताणला जातो, वाळला की तुटतो. दुसरा मार्ग रंगाऱ्यांच्या आणि परिटांच्या विद्येतून निघाला.

पॅरिसच्या गोब्लाँ या राजकीय विणकामशाळेत रंगकामाच्या प्रमुखपदी १८२४ साली शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. काळा रंग पुरेसा काळा दिसत नाही, या तक्रारीचा शोध घेताना त्यास आढळले, की रंगात दोष नसून शेजारच्या रंगांमुळे डोळ्यास तसे भासते. या अभ्यासाची परिणती १८३९ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात झाली आणि परस्परविरोधी रंगांच्या जोड्या कारागिरांच्या बोलण्यात रुळल्या: तांबड्याची हिरव्याशी, नारिंगीची निळ्याशी, पिवळ्याची जांभळ्याशी. रंगद्रव्ये मिसळताना अशी जोडी एकत्र आली की दोन्ही एकमेकांचा भडकपणा शोषून घेतात आणि करडेपणा उरतो.

याच सुमारास निळा रंग स्वस्त झाला. अफगाणिस्तानातल्या बदख्शान प्रांतातील राजावर्त दगड कुटून जो गडद निळा रंग मिळत असे, तो सोन्याच्या मोलाचा होता. तो कृत्रिम रीतीने करणारास सहा हजार फ्रँकांचे बक्षीस १८२४ साली फ्रान्समध्ये जाहीर झाले, आणि १८२८ साली ते गिमे या रसायनज्ञास मिळाले. पुढे ही कृत्रिम नीळ धुण्याच्या पाण्यात उतरली. पांढरे कापड वापराने पिवळट पडते. निळीच्या पाण्यातून काढले की ते पुन्हा शुभ्र दिसते. देवळात नेसून जावयाच्या पांढऱ्या धोतराला शेवटच्या पाण्यात नीळ देण्याची रीत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पुढे १९८३ साली केरळात सुरू झालेल्या उद्योगाने ‘उजाला’ घरोघर नेले. त्याचा थेंब जांभळा असतो, यातही अर्थ आहे, कारण पिवळ्याचा नेमका प्रतिस्पर्धी जांभळाच. नीळ मळ काढीत नाही. ती पिवळेपणास विरुद्ध रंगाने मारते. नीळ जास्त झाली की धोतर निळे पडते, हाही प्रत्येक गृहिणीचा अनुभव.

केसांच्या बाबतीत नेमके हेच घडले. १९३१ साली ‘प्लॅटिनम ब्लाँड’ हा चित्रपट निघाला आणि त्यातील जीन हार्लो या नटीच्या रुपेरी केसांचे वेड अमेरिकेत पसरले. असा थंड, पिवळेपणाविरहित रंग केवळ ब्लीचने साधत नाही. वरून निळ्या-जांभळ्या रंगाचा हात द्यावा लागतो. त्याच काळात इंग्लंड-अमेरिकेतील वृद्ध स्त्रिया पिवळट पडणाऱ्या पांढऱ्या केसांना निळसर पाण्याने धुवू लागल्या. काहींचे केस चक्क निळे दिसत, तो निळीचा अतिरेक होता. आजचा जांभळा शाम्पू हा त्याच पाण्याचा वंशज. त्यातील जांभळे रंगद्रव्य केसाच्या पृष्ठभागावर बसते आणि पुढच्या काही धुण्यांत निघून जाते.

या इतिहासावरून व्यवहाराचे नियम सहज निघतात. प्रथम छटा ओळखावी. बट पिवळी असेल तर जांभळा शाम्पू, नारिंगी असेल तर निळा. नारिंगीवर जांभळ्याचा फारसा प्रभाव पडत नाही. आठवड्यातून एकदा, काही मिनिटेच लावून धुवावा. रोज वापरल्यास धोतरासारखीच केसांवर मळकट जांभळी झाक येते. विरुद्ध रंग केसांस अधिक उजळ करीत नाही, उलट किंचित गडद करतो, हे ध्यानात ठेवावे. छटा फारच भडक असेल तर जाणत्या हातून टोनर पुन्हा लावून घ्यावा. मात्र टिकाऊ रंगांप्रमाणे अनेक टोनरांतही ज्यांची ॲलर्जी होऊ शकते अशी द्रव्ये असतात, म्हणून ४८ तास अगोदर त्वचेवर थोडासा लावून पाहणे आवश्यक आहे.

छटा लवकर परत येऊ नये म्हणूनही काही करता येते. उजळलेला केस सच्छिद्र होतो आणि पाण्यातील लोह व तांबे ओढून घेतो. जांभ्या दगडाच्या मुलखात, जेथे विहिरीच्या पाण्याने पांढरी वस्त्रे तांबूस पडतात, तेथे केसांचेही तसेच होते. अशा ठिकाणी अखेरचे पाणी गाळलेले अगर पावसाचे घ्यावे. कडक ऊन, फार गरम पाणी आणि केस सरळ करण्याची तापती यंत्रे यांनी टोनर लवकर उतरतो. उन्हात जाताना डोक्यावर पदर अगर रुमाल घेण्याची जुनी सवय येथे कामास येते. मेंदी लावलेल्या केसांवर ब्लीच करविण्यापूर्वी ती गोष्ट अवश्य सांगावी, कारण मेंदीचा नारिंगी रंग केरॅटिनाशी घट्ट जडलेला असतो आणि ब्लीचनेही तो सहजी हटत नाही. बाजारातील काही मिश्र मेंद्यांत धातूंचे क्षार असतात. त्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडली तर केस तापून जळण्याचा धोका असतो.

केस उजळावेत की नाही, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. त्यात निवाडा देण्याचे कारण नाही. परंतु ज्यांनी उजळले, त्यांनी पितळी छटा दिसताच पुन्हा ब्लीचच्या बाटलीकडे धाव घेऊ नये. मेंदीवर निळीचा लेप देणाऱ्या आणि धोतराला शेवटच्या पाण्यात नीळ देणाऱ्या आपल्या आज्यांनी जे हाताने ओळखले होते, तेच शेव्रलने पुस्तकात मांडले: रंगाचा दोष रंगानेच, आणि थोड्या मात्रेने, निवारता येतो. एवढे जाणले तर केस शाबूत राहतील.