व्यसन आणि मेंदूतील जनुके

सांगली जिल्ह्यातील इरळी (ता. कवठेमहांकाळ) येथील कारखान्यावर मुंबई पोलिसांनी मार्च २०२४ मध्ये छापा घालून १०० किलोहून अधिक मेफेड्रोन जप्त केले. हा पदार्थ मेंदूत डोपामाइन व सेरोटोनिन या रासायनिक संदेशवाहकांचा पूर आणतो. अशा उत्तेजक द्रव्यांच्या वारंवार सेवनाने पेशींतील जनुकांचे कार्य बदलते. कोकेन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत 'डेल्टा-फॉसबी' हे प्रथिन साचते, सेवन थांबल्यावरही काही आठवडे टिकते आणि संदेश स्वीकारणाऱ्या ग्राहींच्या जनुकांवर प्रभाव टाकते. कोकेनच्या व्यसनी व्यक्तींत डोपामाइनचे 'डी-२' ग्राही घटलेले आढळतात. म्हणूनच व्यसन हा केवळ निग्रहाचा प्रश्न नव्हे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी साताऱ्यात उभारलेल्या 'परिवर्तन'सारख्या केंद्रांतून बाहेर पडलेल्या रुग्णालाही दीर्घकाळ आधार लागतो.