शेंगदाणा मलावीचा, मणी गडचिरोलीचे

१९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तिथल्या धारणीच्या वाटेवर नेत्यांचे दौरे सुरू झाले. कोरकू गावांत मात्र मूल आजारी पडले की आधी भूमकालाच, म्हणजे गावच्या मांत्रिकालाच, बोलावणे जाई. पोट फुगले तर तापल्या विळ्याने डागत. त्याला ‘डंबा’ देणे म्हणत.

डॉक्टर नसलेल्या गावात इलाज पोचवायची रीत तोवर जामखेडला रुजली होती. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून तिथे खेड्यातल्या निरक्षर बायकांनाच आरोग्यसेविका केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या पुस्तकात जामखेडची हकिगत चीन, क्युबा, टांझानियाच्या पंगतीला बसली. पुढे आशिया-आफ्रिकेतले कार्यकर्ते शिकायला जामखेडलाच येऊ लागले.

अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत पुढचे पाऊल टाकले. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजायला हवेत, आणि निरक्षर सुईणीची मोजणी तेवढ्या आकड्यांपर्यंत जात नसे. मग एक साधन घडले: मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि ओळीने ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा. घरोघरच्या नवजात सेवेमुळे ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये छापले. बांगलादेशात सिल्हेटला घरभेटींचा असाच प्रयोग झाला. तिथली घट ३४ टक्के निघाली.

धारणीजवळ उतावलीला डॉ. आशीष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने गावातल्याच बाईला हाताशी धरून हीच वाट चोखाळली.

कुपोषणावरचा धडा मात्र आफ्रिकेतून आला. शेंगदाणा, दूधभुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे यांच्या लगद्याची कृती मूळची फ्रेंच. पण तो देऊन अतिकुपोषित मूल घरीच बरे करता येते, हे २००१ नंतर मलावीत दिसले. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २००७ मध्ये त्याला मान्यता दिली. ‘महान’ने बाहेरच्या पाकिटांची वाट न पाहता त्याच धर्तीचा आहार स्थानिक पातळीवर बनवला.

या देवघेवीत सरकार सर्वांत शेवटी आले. २०११ मध्ये केंद्राने नवजात बाळाच्या घरभेटींचे काम देशभरातल्या ‘आशा’ आरोग्यसेविकांवर सोपवले. ४२ दिवसांतल्या सहा-सात भेटींचे मानधन ठरले २५० रुपये.